संथपणाचा दोष एकट्या बेसिकचा नाही

जुन्या घरगुती संगणकांवरच्या 'बेसिक' या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत हलतं चित्र जमतच नसे, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या (१९८२) पडद्याला ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट मेमरी लागे आणि रंगांसाठी ७६८. एवढं सगळं दर वेळी नव्याने काढायला गेलात तर बेसिकची दमछाक होणारच. पण चेंडू सरकवायला पडद्यावरचे अक्षराएवढे दोनच चौकोन पुरतात: जुन्या जागी रिकामं अक्षर छापा, नव्या जागी आकृती. आकृती आठ बाइटांची, चौकटीच्या वहीत ठिपके भरून घरीच बनवलेली. (ओळीतल्या ठिपक्यांच्या १२८, ६४, ३२ अशा किमतींच्या बेरजा अजून तोंडपाठ आहेत!) धडक ओळखायची गंमत तर आणखी सोपी. पुढच्या चौकोनाचा रंग बेसिकच्या 'अ‍ॅटर' या फंक्शनने वाचायचा, भिंतीचा निघाला की खेळ खलास. भिंतींचा वेगळा नकाशा ठेवायलाच नको, पडदा हाच नकाशा.