व्हायोलावादकाने शिकवावे का? रिचर्ड योंगजे ओनील यांच्या निमित्ताने एक प्रश्न

लातूरकर:
सर्व सदस्यांस नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे. नऊ वर्षांची असल्यापासून ती मांडी घालून, व्हायोलिनचे डोके उजव्या पावलावर टेकवून, आपल्या हिंदुस्थानी पद्धतीने वाजवत आली आहे. गेल्या महिन्यात तिने मला रिचर्ड योंगजे ओनील या कोरियन वादकाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. वाद्य व्हायोलिनसारखेच दिसत होते, पण आवाज घोगरा, भरदार आणि पहाटे घसा उघडण्यापूर्वी माणूस बोलतो तसा होता. ते व्हायोला आहे, हे तिनेच सांगितले. तेव्हापासून ‘मला हेच वाजवायचे आहे’ असा तिने धोशा लावला आहे.

लातुरात अकरावीच्या मुलाला आलेला पाहुणा एकच प्रश्न विचारतो, नीट की जेईई, हे आपण जाणताच. म्हणून मी या वादकाची माहिती काढू लागलो आणि एका गोष्टीपाशी अडलो. ग्रॅमी हा संगीताचा पुरस्कार मिळालेला, देशोदेशी मैफली करणारा हा माणूस विद्यापीठात शिकवण्याची नोकरीही करतो. वादकाला कार्यक्रम मिळेनासे झाले की तो क्लास काढतो, असा आमच्याकडे समज आहे आणि तो अगदीच निराधार आहे असेही नाही. मग एवढ्या मोठ्या वादकाला शिकवण्याची गरज का भासावी? या वाद्यावर पोट भरत नाही, असा याचा अर्थ घ्यावा का?

एके काळचा परभणीकर:
लातूरकर साहेब, आधी एक दुरुस्ती करतो. ओनील यांना कोरियन म्हणणे अर्धेच बरोबर आहे. त्यांचा जन्म १९७८ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्क्विम या लहानशा गावी झाला. त्यांची आई कोरियन युद्धात अनाथ झालेली आणि एका अमेरिकन कुटुंबाने दत्तक घेतलेली. ती बौद्धिकदृष्ट्या अपंग असल्यामुळे मुलाला आजी-आजोबांनीच वाढवले. ओनील यांनीही सुरुवात व्हायोलिनपासूनच केली होती, हे आपल्या कन्येस अवश्य सांगावे. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीत शिकवणाऱ्या संस्थेने ज्यांना आर्टिस्ट डिप्लोमा ही पदविका दिली असे ते पहिले व्हायोलावादक ठरले. योंगजे हे कोरियन नावही त्यांना तिथल्या कोरियन गुरूंनी दिले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी मुंबईत असताना एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसत असे आणि व्हायोलावाले माझ्या कोपराशी असत. शाहिराच्या मागे झीलकरी उभा असतो, तशी या वाद्याची जागा आहे. तो थांबला तर काय गेले हे श्रोत्याला सांगता येत नाही, पण पोवाडा उघडा पडतो. एकट्याने वाजवावे असे साहित्यही व्हायोलिनच्या मानाने थोडे आहे. वॉल्टन या इंग्रज संगीतकाराचा व्हायोला काँचेर्तो (म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) १९२९ सालचा आहे, तर बार्टोक हा हंगेरीचा संगीतकार १९४५ मध्ये वारला तेव्हा त्याचा काँचेर्तो अपुराच होता आणि तो दुसऱ्याने पुरा केला. म्हणून या वादकाचे खरे घर वाद्यवृंद किंवा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो (व्हायोलापेक्षा मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) यांची चौकडी. (चौकडी हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे, पण इथे तोच चपखल बसतो.)

ओनील २०२० मध्ये ‘ताकाच’ नावाच्या ज्या चौकडीत दाखल झाले, ती १९७५ साली बुडापेस्टमध्ये स्थापन झाली आणि १९८० च्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील आवारात स्थिरावली. विद्यापीठ चौघांनाही पदे देते. चौघे तिथे शिकवतात, सराव करतात आणि वर्षातील बराच काळ दौऱ्यावर असतात. कार्यक्रमांच्या बिदागीवर चार माणसांनी वर्षानुवर्षे एकत्र राहणे अवघड असल्यामुळे ही पद्धत रूढ झाली, असे मला वाटते. तेव्हा पोटाचा संबंध आहेच, तो नाकारू नये. मात्र तारखाही पाहाव्यात. थिओफॅनिडिस या अमेरिकन संगीतकाराच्या काँचेर्तोसाठी त्यांना ग्रॅमी मिळाले २०२१ मध्ये, आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ते त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवत होते. कार्यक्रम आटले म्हणून त्यांनी क्लास काढला, असे इथे दिसत नाही.

संगीतशिक्षिका, अंबाजोगाई:
परभणीकर सरांच्या उत्तरात एक बाजू राहून गेली आहे. दक्षिण कोरियातील आन्सान शहरात परदेशी आई किंवा वडील असलेली पुष्कळ मुले आहेत आणि वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्यामुळे ती शाळेत एकटी पडतात. अशा मुलांचा वाद्यवृंद ओनील यांनी उभा केला, आणि त्यावरील माहितीपटाला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. त्यांतील अनेकांनी पूर्वी वाद्य हातातही धरले नव्हते. ज्याने गज कसा धरावा इथपासून शिकवले, त्याचे शिकवणे पगारापुरते होते असे मी मानणार नाही. सेऊल येथे २००७ ते २०१९ पर्यंत त्यांनी चालवलेल्या दित्तो या चेंबर संगीताच्या (मोजक्या वादकांनी मिळून वाजवण्याच्या संगीताच्या) उपक्रमालाही तरुण श्रोते गर्दी करत.

आणि पोटाचेच म्हणाल, तर आपल्या देवगिरीचा संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेव सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबाचे खाते सांभाळत असे. संगीतशास्त्रातील त्याच्या अधिकाराला त्यामुळे उणेपणा आला नाही. माझ्याकडे तालुक्याहून बसने येणारी मुले आहेत. त्यांना शिकवताना माझाच यमन सुधारतो, हा अनुभव रोजचा आहे.

लातूरकर:
आपणा दोघांचे आभार. शिकवण्याविषयीचा माझा समज चुकीचा होता हे मान्य करतो. आता व्यवहाराचे विचारतो: नवे वाद्य घेण्यापूर्वी मुलीची ओढ खरी आहे की महिनाभराची, हे कसे पारखावे?

नांदेडहून एक वादक:
दादा, व्हायोला लगेच घेऊ नका. व्हायोलिनची सर्वांत वरची तार काढून खाली एक जाड तार वाढवली की व्हायोलाची जुळणी होते, आणि नेहमीच्या आकाराच्या व्हायोलिनवर बसतील असे या जुळणीच्या तारांचे संच मिळतात. तो संच चढवून तिला तीन महिने वाजवू द्या. खालची तार ढिली आणि मंद वाजेल, कारण व्हायोलिनची पेटी, म्हणजे वाद्याचे पोकळ लाकडी अंग, साधारण ३५.५ सेंटिमीटरची असते आणि तेवढ्या पेटीत तो स्वर मावत नाही. व्हायोलाची पेटी साधारण ३८ ते ४३ सेंटिमीटर असते. तिचे एकच ठरलेले माप नाही, म्हणून वाद्य निवडताना हाताची लांबी पाहावी लागते.

त्या काळात तिला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील. वाद्य हनुवटीखाली धरणे ही पहिली, आणि आल्टो क्लेफमध्ये (व्हायोलासाठी वापरल्या जाणाऱ्या स्वरचिन्हात) लिहिलेले पाश्चात्त्य नोटेशन वाचणे ही दुसरी. बहुतेक मुले दुसरीपाशी कंटाळतात. ती टिकली, तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीतातील श्रेणी परीक्षा व्हायोलासाठीही असतात. शिक्षक मात्र आपल्या भागात मिळणे कठीण. मुंबई किंवा पुण्याचे कोणी ऑनलाइन शिकवत असेल, तर अधूनमधून लातूर एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून समोर बसावेच लागेल, कारण गजाचा दाब पडद्यावर कळत नाही. आणि तिला पाश्चात्त्य पद्धतीकडे वळायचे नसेल, तरीही वाद्य वाया जात नाही. कर्नाटक संगीताचे गायक बालमुरलीकृष्ण यांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवले आहे, आणि मंद्र सप्तकातला दरबारी व्हायोलावर काय लागतो, हे तिला एकदा वाजवून पाहू द्या.