टेंडन की पुली, हे आधी ठरू द्या

क्लाइंबिंग करताना (कडा किंवा भिंत चढताना) बारीक कपारीला लटकलात, अनामिकेत 'टक्' आवाज झाला, बोट सुजलं, आता ऑपरेशन करावं का, असं तुम्ही विचारलंय. इथे आधी उत्तर दिलेले सगळे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटलं असं धरूनच बोलताहेत. पण क्लाइंबरच्या बाबतीत बहुतेकदा टेंडन शाबूत असतं. त्याला हाडाला धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे पुली, फाटते. त्यातही बोटाच्या मुळाजवळची, ए२ नावाची पुली.

एक गोष्ट मात्र आत्ता लगेच करून बघा. बोटाचं शेवटचं पेर स्वतःहून वाकतंय का? वाकत नसेल तर टेंडनच हाडापासून सुटलेलं असू शकतं आणि मग दिवस मोजायचे नाहीत, आजच हाताच्या सर्जनकडे जा. उशीर झाला की टेंडन आखडतं आणि जोडणं अवघड होतं.

पेर वाकत असेल तर सोनोग्राफी करा, बोटाला जोर लावून. टेंडन आणि हाड यांतलं अंतर २ मिमीच्या वर गेलं की पुली तुटल्याचं मानतात. एकच पुली पूर्ण तुटली असली तरी सहसा ऑपरेशन लागत नाही. बोटाच्या मापाची थर्मोप्लास्टिकची रिंग ६ ते ८ आठवडे, सोबत फिजिओच्या देखरेखीखाली हालचाल. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. एकाहून जास्त पुली गेल्या असतील, तर मात्र बहुधा ऑपरेशन. त्यात मनगटाजवळचं टेंडन घेऊन नवी पुली करतात.

आणि दुखणं थांबलं म्हणून लगेच क्रिंप (बोटं दुमडून टोकांनी बारीक कड पकडणं) करू नका, प्लीज. सुरुवात मोठ्या होल्डवर (पकडायच्या जागेवर), बोटं न दुमडता, उघड्या पकडीने.