४०० ससे म्हणजे नेमके किती?

मेक्सिकोतील प्राचीन अ‍ॅझ्टेक लोकांच्या मद्यदेवांची, म्हणजे ‘४०० ससे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवांची, यादी कुठेतरी असलीच पाहिजे, असे काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. या लोकांची गणना विसाच्या पटीत चाले आणि वीस गुणिले वीस हा आकडा त्यांच्या नाहुआत्ल भाषेत ‘अगणित’ या अर्थानेही वापरला जाई. माणसागणिक नशा वेगळी, म्हणून ससेही अगणित (हा हिशोब मला फार आवडतो). त्यांच्यापैकी तेपोस्तेकात्ल याचे मंदिर मेक्सिकोतील तेपोस्त्लान गावामागच्या डोंगरकड्यावर आजही उभे आहे. त्याचे पेय पुल्के हे टकिलासारखे ऊर्ध्वपातित नव्हे: मोठ्या घायपाताचा गाभा खरवडून, तिथे साचणारा गोड रस लांबट पोकळ भोपळ्याने तोंडाने ओढून काढतात आणि मग तो नुसता आंबवतात.