टर्कीला साद घातली आणि आला कूगर: बसून राहायचं की उठायचं?

वायव्येचा_वारा:
मंडळी, इथे शिकार करणारे फार नाहीत याची कल्पना आहे, पण अमेरिका-कॅनडात रानात भटकणारे बरेच आहेत, म्हणून विचारतोय. (टर्की म्हणजे कोंबडीसारखा मोठा रानपक्षी, कूगर म्हणजे इथलं मोठं पिवळट रानमांजर.)

मी सिएटलजवळ राहतो. आमच्या वॉशिंग्टन राज्यात टर्कीचा वसंतातला सीझन १५ एप्रिल ते ३१ मे. तेव्हा गाडी काढून ईशान्येला कोलव्हिलकडे जातो. पाचसहा तासांचा रस्ता, पण पक्षी तिथेच. मेरियम्स जातीचे, शेपटीची कड पांढुरकी. मूळचे इथले नव्हेत, आणून सोडलेले, आणि आता भरपूर झालेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात पक्ष्याच्या मागे धावायचं नसतं. पहाटे नर, म्हणजे टॉम, झाडावरून गॉबल करतो, म्हणजे ओरडतो. आपण जाड बुंध्याला पाठ टेकून बसायचं, अंगभर कॅमो, म्हणजे रानात मिसळून जाणारे कपडे, तोंडावर जाळी, आणि मादीचा आवाज काढून त्याला बोलवायचं. माझ्याकडे लाकडी बॉक्स कॉल आहे, घासला की बिजागरी कुरकुरल्यासारखा वाजतो, पण टॉमला तो आवडतो. टर्कीला वासाचं फारसं कळत नाही, नजर मात्र जबरदस्त. हात जरा हलला की पसार. त्यामुळे आम्हाला सवयच लागते दगड होऊन बसायची.

मेमधली गोष्ट. ऊन नुकतं उतारावर आलं होतं. पाँडेरोसा पाइनचं रान, खाली लाकूडतोडीचा जुना रस्ता. घळीपलीकडून एक टॉम छान उत्तर देत होता, तो मधेच गप्प झाला. मी आपला हळू आवाजात बोलावत राहिलो. मग डावीकडे एका खारीने जी किरकिर लावली ती थांबेचना. डोळे तिकडे वळवले तर हरणांच्या पायवाटेवर काहीतरी पिवळट, पोट जमिनीला टेकलेलं. आधी वाटलं बॉबकॅट, म्हणजे आखूड शेपटीचं छोटं रानमांजर. मग शेपूट दिसली. लांब, टोकाला काळी. वीसेक पावलांवर कूगर!

माझी फोमची डिकॉय, म्हणजे टॉमला फसवायची खोटी मादी, उजवीकडे उघड्यावर उभी होती. तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो थेट माझ्याकडे बघत होता. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, पुन्हा एक.

मी उठलो, बंदूक आडवी वर धरली आणि ओरडलो. तोंडातून काय निघालं असेल? "ए! हाड! हाड!" वीस वर्षं या देशात काढून कूगरला हाड म्हणणारा मीच असेन. तो दचकून पळाला वगैरे काही नाही. मागच्या पायांवर बसला, बघत राहिला, आणि मग आडवा झुडपात शिरला. मी त्या बाजूला तोंड ठेवून मागे मागे रस्त्यापर्यंत आलो. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, पट्ट्याला होता, हात त्यावरच होता.

बरोबर शिकार करणारा मित्र म्हणतो, "तू हललास कशाला, माणूस आहेस हे कळल्यावर तो आपोआप गेला असता." मला हे पटत नाही. तुमचं काय मत?

ओतूरकर:
तुमचा मित्र चुकतोय. कूगरचं माहीत नाही, पण आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या उसात राहतो आणि आम्ही त्याच्या शेजारी. वनखात्याची माणसं गावात येऊन हेच सांगतात की बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं. खुरपणाऱ्या बाया, परसाकडे बसलेली पोरं यांना धोका म्हणूनच जास्त. उभं राहिलं की उंची दिसते आणि त्याचा हिशेब बदलतो. रात्रीची लाइट असली की पाणी धरायला जावं लागतं, तेव्हा आम्ही मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो. तो बिचकून आपली वाट बदलतो.

तुम्ही तर बसलेले, तोंड झाकलेलं, आणि वर कोंबडीचा आवाज काढताय! त्याने दुसरं काय समजायचं?

मिझुरीवाला:
ओतूरकरांशी सहमत. आमच्याकडे कूगर जवळपास नाहीतच, पण कॉलवर बॉबकॅट आणि कोल्ह्यासारखे कायोटी येणं नेहमीचं. बॉबकॅट डिकॉयवर झडप घालताना मी डोळ्यांनी पाहिलाय. तुमच्या पाहुण्याने डिकॉयकडे बघितलं नाही यात नवल नाही: आवाज तिकडून येत नव्हता, तुमच्याकडून येत होता. मांजर आवाजाचा माग काढत येतं.

हलायचं नाही हा नियम फक्त टर्कीपुरता. आपल्याला सावज समजून कोणी यायला लागलं की तो नियम संपला. दुसरा शिकारी तुमच्या आवाजावर सरकत आला तरी तसंच, फक्त तिथे हात हलवायचा नाही, ओरडायचं. टॉमच्या डोक्याचे रंग लाल, पांढरा, निळा. हललेला हात त्या शिकाऱ्याला काय दिसेल सांगता येत नाही. म्हणून हे तीन रंग अंगावर घालायचेच नाहीत, मोजेसुद्धा.

बुंधा खांद्यांहून रुंद निवडा. छर्‍यांपासूनही पाठ वाचते आणि मांजरापासूनही, कारण ते मानेवर मागून येतं. टॉम गप्प होण्यावर फार जाऊ नका, तो माद्यांमागे गेला तरी गप्प होतो. खार मात्र खोटं बोलत नाही. आणि मादीचा आवाज कमी काढा. टॉम कुठे आहे हे शोधायला पहाटे घुबडाचा आवाज, नंतर कावळ्याचा. तो ऐकून टॉम नुसता दचकून ओरडतो, आणि आपण तासभर "मी इथे आहे" असं रानाला सांगत बसत नाही.

शाकाहारी_नंदू:
सहा तास गाडी हाकून पक्षी मारायचा आणि वर कूगर आला म्हणून तक्रार! रान त्याचंच आहे.

मिझुरीवाला:
नंदूशेठ, तक्रार कुठे आहे, प्रश्न आहे. आणि ते पक्षी दिसतात त्यात शिकाऱ्यांचा पैसा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्की बहुतेक राज्यांतून संपल्यात जमा होते. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राज्यांकडे वळवला, त्यातून पक्षी पकडून नव्या ठिकाणी सोडले गेले. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा, तिथे बंदी योग्यच. खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

स्नोक्वाल्मीची_सून:
वारा, बरं झालं पाठ दाखवली नाहीत. २०१८च्या मेमध्ये आमच्या नॉर्थ बेंडजवळ दोन सायकलस्वारांवर कूगर आला होता. त्यांनी आरडाओरडा करून, सायकल मारून त्याला हाकललं होतं, तरी तो परत आला. एक जण पळाला, कूगर त्याच्या मागे गेला, आणि तो वाचला नाही. राज्यात त्याआधीचा असा मृत्यू १९२४चा, म्हणजे गोष्ट दुर्मिळ आहे हेही खरं. २०२४च्या फेब्रुवारीत फॉल सिटीजवळ सायकलवरच्या बायकांपैकी एकीला त्याने तोंडाला धरलं, तर मैत्रिणींनी दगड-काठ्यांनी मारून सोडवलं आणि सायकलखाली दाबून ठेवलं. लढलं तर चालतं, पळून चालत नाही. तुम्ही मत्स्य व वन्यजीव खात्याकडे नोंद केलीत का? जनावर माणसाला बिचकत नसेल तर त्यांना कळायला हवं.

वायव्येचा_वारा:
नोंद त्याच दिवशी केली, नकाशावर जागाही दाखवली. मित्राला हा धागा पाठवलाय, ओतूरकरांचं वाचून तो गप्प आहे. पुढच्या वेळी त्यालाच बरोबर नेतो, एकाच बुंध्याला पाठी लावून दोघं दोन बाजू बघू. घुबडाचा आवाज मला तोंडानेच जमतो. कावळ्याची शिट्टी मात्र विकत घ्यावी लागेल, माझा कावळा टॉमला पटत नाही.