लॉगरची बायनरी फाइल ब्राउझरमध्ये वाचताना आकडे भलतेच येतायत

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी, तुर्भे एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजसाठी छोटं वेब ॲप करतोय, टेम्परेचर लॉगरची (ठरावीक वेळाने तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची) फाइल ब्राउझरमध्येच उघडून ग्राफ दाखवायचाय, सर्व्हरवर काहीच पाठवायचं नाही अशी अट आहे. फॉरमॅट तसा सोपाय, आधी १६ बाइटचा हेडर, मग ६-६ बाइटच्या नोंदी, ४ बाइट वेळ आणि २ बाइटमध्ये तापमान गुणिले १०. जावास्क्रिप्टमधल्या फाइलरीडरच्या रीडॲजटेक्स्टने (फाइल मजकूर म्हणून वाचणारं फंक्शन) वाचून चारकोडॲटने (अक्षराचा नंबर देणारं) एकेक बाइट काढतोय. १२७ पर्यंतच्या किमतीचे बाइट बरोबर येतात, त्याहून मोठ्यांच्या जागी मध्येच ६५५३३. फाइल खराब आहे का? लॉगरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये तर नीट उघडते.

घोडबंदर_रोड:
फाइल ठणठणीत आहे हो. रीडॲजटेक्स्टला काही सांगितलं नाही तर ते यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) धरूनच वाचतं, १२८ आणि पुढचा बाइट त्यात एकटा बसत नाही, मग जुळलं नाही तिथे ६५५३३ नंबरचं बदली अक्षर टाकतं आणि मूळ बाइट गेला तो गेला, त्या टेक्स्टमधून परत काढायला मार्गच नाही. टेक्स्टच्या वाटेला जाऊच नका. फाइलवरच अवेट लावून ॲरेबफर (फाइलचे कच्चे बाइट) घ्या, त्यावर डेटाव्ह्यू (हव्या त्या जागेवरून आकडे वाचणारं साधन), १६ पासून सहा-सहाने पुढे. वेळेला गेटयूइंट३२ आणि तापमानाला गेटइंट१६, यूइंट (उणे आकडे नसलेला प्रकार) नको, नाहीतर फ्रीझरचं उणे १८ आलं की ६५३५.६ अंश दिसेल.

ऐरोलीकर:
६५५३३ गेलं, मनापासून आभार! पण ४ अंशाच्या खोलीला आता १०२४ अंश येतंय??

सानपाडा_कोडर:
४ अंश म्हणजे ४०, आणि फाइलमध्ये बाइट पडलेत आधी ४० मग ०. डेटाव्ह्यू आपणहून बिग एंडियन धरतो, म्हणजे पहिला बाइट मोठा, ४० गुणिले २५६ झाले १०२४०, दहाने भागले की तुझे १०२४. गेटइंट१६ला दुसरा पॅरामीटर ट्रू दे, म्हणजे छोटा बाइट आधी धरेल, वेळेलाही दे, विसरू नको. आणि कोणी यूइंट३२ॲरे वापर म्हणालं तर ऐकू नको, त्याला ऑफसेट (सुरुवातीची जागा) ४ च्या पटीतच लागतो, तुझी दुसरी नोंद २२ वर सुरू होते, तिथेच रेंजएरर येईल.

घोडबंदर_रोड:
अजून एक, वेळ सेकंदात असेल तर जावास्क्रिप्टच्या डेटला देताना १००० ने गुणा, त्याला मिलिसेकंद लागतात. आणि ग्राफ साडेपाच तास पुढे सरकलेला दिसला तर लॉगरचं घड्याळ बहुतेक आपल्या वेळेवरच लावलेलं असणार, मग गेटअवर्सऐवजी गेटयूटीसीअवर्स वापरा. माल तापमानावर अवलंबून आहे, तेव्हा त्यांच्याकडे देण्याआधी दोन-चार नोंदी मूळ सॉफ्टवेअरशी ताडून बघाच, त्यात एक तरी उणे तापमानाची घ्या.