फौजेत न गेलेल्यानं युद्ध ठरवू नये म्हणे!

राजवाड्यामागचा (इंदूर): परवा इथं एकानं लिहिलं, 'ज्या पुढाऱ्यानं बंदूक धरली नाही त्याला युद्धाचा निर्णय घ्यायचा हक्क नाही.' दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय. १९६५ आठवा. तिकडे पाकिस्तानात अयूब खान, सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी शाळेतले, फील्ड मार्शल. इकडे शास्त्रीजी, गांधींच्या चळवळीत तुरुंग भोगलेले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरातले. काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले ते फौजी राज्यकर्त्यानं. जम्मूकडच्या छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले त्याच दिवशी, १ सप्टेंबरला, चव्हाणांनी विमानं उडवायला परवानगी दिली. ६ तारखेला आपली फौज लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडून गेली. धोतरातल्या माणसाचा होता तो निर्णय.

महूची सून: दादा, ती पोस्ट माझीच. माझे सासरे ६५ला पंजाबच्या आघाडीवर होते. ताश्कंदच्या करारात काश्मीरमधली जिंकलेली हाजीपीर खिंड परत दिली, हे त्यांनी शेवटपर्यंत मनातून काढलं नाही. मिळवताना रक्त कुणाचं सांडतं, ते खंदकात बसलेल्यालाच कळतं. अमेरिकेचे आयझेनहॉवर जनरल होते. जानेवारी १९५३ला अध्यक्ष झाले आणि जुलैत कोरियातली लढाई थांबली. लढलेला माणूस लढाई थांबवतो.

राजवाड्यामागचा: सासऱ्यांना माझा नमस्कार. पण एका आयझेनहॉवरवरून नियम होत नाही. अयूबही लढलेलेच होते.

लश्करकर (ग्वाल्हेर): इतक्या लांब कशाला जाता? तुमचे यशवंतराव होळकर बघा. जन्मभर घोड्यावर. १८०१मध्ये पुण्यात विठोजींना हत्तीच्या पायी दिलं आणि भावाच्या सुडापायी हा माणूस १८०२च्या ऑक्टोबरात पुण्यावर चालून गेला. दुसरा बाजीराव पेशवा पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. मराठी राज्य तिथंच गेलं.

राजवाड्यामागचा: लश्करकर, अर्धीच गोष्ट सांगू नका. १८०१मध्ये इंदूर लुटलं कुणी? शिंद्यांच्या सर्जेरावानं. माझी आजी सराफ्यातली. त्या लुटीची गोष्ट तिच्या आजीकडून आलेली, घरातलं कुणी गेल्यासारखी सांगायची.

लश्करकर: आणि २३ सप्टेंबर १८०३ला असईत इंग्रजांशी लढताना आमची, शिंद्यांची माणसं पडत होती, तेव्हा होळकर कुठं होते? आमच्या घराण्यातला एक जण तिथून परत आला नाही. त्याच्या नावाचं पान आजही काढून ठेवतो आम्ही.

राजवाड्यामागचा: १८०४मध्ये मुकुंदऱ्याच्या घाटातून इंग्रजांच्या मॉन्सनला होळकरांनी पळवलं तेव्हा शिंदे कुठं होते? इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह करून बसले होते! पुन्हा होळकरांना फितूर ठरवलंत तर मी एक अक्षर ऐकून घेणार नाही.

लश्करकर: फितूर हा शब्द तुमचा. मी सूड म्हणालो.

महूची सून: दोघंही थांबा. माझा प्रश्न राहिला बाजूला आणि तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीचं भांडण घेऊन बसलात. लश्करकर, तुम्ही माझ्याच विरुद्ध पुरावा दिलात. जन्मभर लढलेला माणूसही भावासाठी पेटून उठतो.

राजवाड्यामागचा: सूनबाई, नाइलाजानं मान्य करतो. विठोजींचं दुःख नसतं तर यशवंतराव त्या वर्षी पुण्याला गेले असते असं मलाही वाटत नाही. पण बाजीरावाचंही बघा. लहानपण कैदेत गेलेलं. नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात वाढलेल्या पोराला सगळेच शत्रू दिसत होते. म्हणून त्यानं विठोजींना सोडलं नाही आणि शेवटी आपल्या सरदारांपेक्षा इंग्रजांवर भरवसा ठेवला. गणवेश विचारण्यापेक्षा मी हे विचारीन, की या माणसाच्या मनात कोणती जुनी जखम आहे आणि 'नको' म्हणणारं जवळ कोण आहे? १९७१च्या एप्रिलमध्ये इंदिराबाईंना 'युद्ध आत्ता नको' म्हणणारे लष्करप्रमुख माणेकशॉ होते. बाईंनी ऐकलं. लढाई डिसेंबरात झाली आणि तेरा दिवसांत आटोपली.

महूची सून: म्हणजे 'नको' म्हणणारा फौजीच लागला ना? एवढंच म्हणत होते मी.

लश्करकर: हे मात्र खरं. पण असईचं उत्तर अजून आलेलं नाही.