नाव नसलेली लेन्स ओळखायची कशी? (९ × १२ प्लेट कॅमेरा)

करवीरकर:
आजोबांच्या कोल्हापुरातील महाद्वार रोडवरील स्टुडिओतला, ९ × १२ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेणारा घडीचा कॅमेरा माळ्यावर सापडला. लेन्सभोवतीची नाव कोरलेली कडी पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत हरवून तिच्या जागी कोरी कडी बसवली गेली आहे. शटर कॉम्पूर बनावटीचे असून छिद्राचे (अ‍ॅपर्चरचे) आकडे ६.८ पासून सुरू होतात. ही लेन्स टेसार (झाइस कंपनीची प्रसिद्ध रचना) असेल का?

जुनी_भिंगे:
टेसारचे आकडे सहसा ४.५ किंवा ६.३ पासून सुरू होतात. पण शटर मागाहून बदललेले असू शकते, त्यामुळे केवळ आकड्यांवर विसंबू नये. लेन्सचा पुढचा आणि मागचा भाग हलकेच फिरवून वेगळा करावा व अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या उजेडात प्रत्येकातील प्रतिबिंबे मोजावीत. काचेला हवा लागते तिथे प्रतिबिंब ठळक दिसते, तर बाल्समने (भिंगे जोडण्याच्या पारदर्शक डिंकाने) चिकटवलेल्या जोडावर ते अगदी फिकट असते. टेसारच्या पुढच्या भागात चार ठळक आणि मागच्या भागात दोन ठळक व एक फिकट प्रतिबिंब दिसते. दोन्ही भागांत दोन ठळक व एक फिकट दिसल्यास ती रॅपिड रेक्टिलिनिअर या जुन्या प्रकारची लेन्स समजावी.

करवीरकर:
दोन्ही भागांत दोन ठळक आणि दोन फिकट दिसली. दुसरे फिकट प्रतिबिंब भिंग थोडे तिरपे धरल्यावरच सापडले, नाहीतर मी एकच मोजून मोकळा झालो असतो.

बाल्सम:
म्हणजे प्रत्येक भागात तीन भिंगे चिकटवलेली आहेत. एमिल फॉन होएघ यांनी १८९२ मध्ये रचलेली गोएर्झ कंपनीची डागोर लेन्स अशीच आहे आणि ६.८ हा आकडाही तिला जुळतो. मात्र फोग्टलेंडर कंपनीची कोलिनिअरही मोजणीत हुबेहूब अशीच भरते, तेव्हा घराणे कळले तरी कारखाना कळला असे म्हणता येणार नाही.

मागचा भाग एकटाही चित्र देतो का हे पाहायला, पुढचा भाग काढून नुसत्या मागच्या भागाने गच्चीवरून न्यू पॅलेसचे घड्याळ कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर आणून पाहा. भाता जवळजवळ दुप्पट ताणावा लागेल आणि चित्रही तितकेच मोठे येईल. भाता तेवढा लांबत नसेल तर हा प्रयोग सोडून द्यावा. भाग काढताना कडी अडली तर पक्कड लावू नका, उद्यमनगरातील एखाद्या लेथवाल्याकडून दोन टोकांचा पाना करून घ्या.